अहवाल कुंपणाबाहेर यायला हवा

दरवर्षी ३० सप्टेंबर उजाडतो आणि मावळतो. कारखान्यांच्या कचेरीतील चार-दोन मंडळी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लिपिक सोडले, तर त्या तारखेचे महत्त्व फारसे कुणाच्या ध्यानी नसते. प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत वाढली, तर वृत्तपत्रांत पहिल्या पानावर मथळा येतो. पण पर्यावरण (संरक्षण) नियमांतील चौदाव्या नियमान्वये देशातील हजारो उद्योगांनी ३० सप्टेंबरच्या आत आणखी एक विवरणपत्र भरावयाचे असते, त्याची बातमी कधी होत नाही. ‘नमुना पाच’ हे त्याचे सरकारी नाव. मार्चअखेर संपलेल्या वर्षात कारखान्याने पाणी किती वापरले, एका नगामागे कच्चा माल किती लागला, सांडपाण्यातून आणि धुराड्यातून कोणते प्रदूषक किती बाहेर पडले, विहित मर्यादेहून ते किती टक्क्यांनी अधिक वा उणे होते, तसे होण्याची कारणे काय, घातक कचरा किती निघाला आणि तो कुठे गेला, हे सारे त्यात लिहावयाचे असते.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. वसाहतीच्या शेजारी राहणारा मनुष्य रात्री खिडकी बंद करताना जे प्रश्न स्वतःशी करतो, नेमके तेच प्रश्न शासनाने या नमुन्यात विचारून ठेवले आहेत. उत्तरेही दरवर्षी लिहिली जातात. मात्र ती ज्याला हवी आहेत, त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रातील कायदे आणि नियम बरेच बदलले. त्या बदलांवर उलटसुलट चर्चाही झाली. पण अहवाल लिहावयाचा तो कुणासाठी, हा मूळ प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ कुणी विचारला नाही. आज तोच विचारावयाचा आहे.

या नमुन्याचा इतिहास लहानसा, पण बोधप्रद आहे. मार्च १९९२ मध्ये अधिसूचना निघाली, तेव्हा तिच्यात ‘पर्यावरणीय लेखापरीक्षण’ असा शब्द होता. एप्रिल १९९३ मध्ये दुरुस्ती झाली, लेखापरीक्षणाच्या जागी ‘पर्यावरण विवरण’ आले आणि मुदत १५ मे ऐवजी ३० सप्टेंबर झाली. शब्द बदलला आणि शब्दाबरोबर धारही गेली. लेखापरीक्षण दुसऱ्याने करावयाचे असते, विवरण आपले आपण लिहावयाचे असते. पुढची तीन दशके उद्योग स्वतःचे प्रगतिपुस्तक स्वतः भरून मंडळाकडे पाठवीत राहिले. मंडळांकडे मनुष्यबळ अपुरे असल्याने ते उघडून पाहण्यास तेथेही पुरेशी माणसे नव्हती.

वस्तुतः अहवाल दडून राहिला म्हणजे काय होते, याचा सर्वांत भीषण धडा जगाला आपल्याच भूमीवर मिळाला. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. मे १९८२ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून अनेक गंभीर त्रुटी लेखी नोंदवल्या. तो अहवाल कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी होता. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या जयप्रकाश नगरच्या झोपड्यांत तो वाचला जाण्याचा प्रश्नच नव्हता. राजकुमार केसवानी नावाच्या एका तरुण पत्रकाराने आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून त्याच वर्षी शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला. लहान साप्ताहिकाच्या संपादकाचे कोण ऐकतो! २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेटचा लोट वस्त्यांवर पसरला, तेव्हा लोक वाट फुटेल तिकडे धावले. धावताना श्वास खोल जातो आणि विष अधिक भिनते. तोंडावर ओले फडके धरून जागीच पडून राहिले असते, तरी कित्येक जीव वाचले असते, असे पुढे जाणकारांनी सांगितले. हमिदिया रुग्णालयातील डॉक्टरांना आपण कोणत्या विषावर उपचार करीत आहोत, हेही धड ठाऊक नव्हते. कुंपणाच्या आत माहिती होती. कुंपणाबाहेर मृत्यू होता.

प्रस्तुत लेखक त्या वेळी शाळेत होता. घरी रेडिओवर बातमी लागली, तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘आपल्या गावाजवळच्या कारखान्यात काय बनते रे?’ उत्तर कुणालाच देता आले नाही. चाळीस वर्षे उलटली, आजही देता येत नाही.

या दुर्घटनेनंतर दोन देशांनी दोन वाटा धरल्या. युनियन कार्बाइडचा तसाच एक कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील इन्स्टिट्यूट या गावी होता. ऑगस्ट १९८५ मध्ये तेथेही विषारी वायूची गळती झाली, शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. भोपाळ आपल्या दारात येऊ शकते, हे तेथील नागरिकांना कळून चुकले. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपत्कालीन नियोजन आणि समाजाचा माहितीचा हक्क यांसंबंधीचा कायदा केला. त्या कायद्यान्वये ‘विषारी उत्सर्जन नोंदवही’ सुरू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने दरवर्षी प्रत्येक रसायन हवेत किती सोडले, पाण्यात किती, जमिनीत किती पुरले, हे नावानिशी जाहीर करावयाचे. ती माहिती संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवणे शासनावर बंधनकारक करण्यात आले. १९८७ या वर्षाचे आकडे हे पहिले आकडे.

या कायद्याने कुणालाही उत्सर्जन कमी करा असे सांगितले नव्हते, फक्त सांगा असे सांगितले होते. तरीही आकडे प्रकाशात येऊ लागताच कारखानदारांची धावपळ उडाली. मोन्सँटोने १९८८ मध्ये आपले हवेतील विषारी उत्सर्जन १९९२ पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर वचन दिले. पहिल्या दशकभरात मूळ यादीतील रसायनांचे नोंदवलेले उत्सर्जन जवळजवळ निम्म्याने उतरले. त्यातील काही घट कागदोपत्री होती, मोजण्याची रीत बदलल्याने झाली होती, हे मान्य केले पाहिजे. पण शेजाऱ्याने हिशेब वाचला की हिशेब लिहिणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो, हेही त्यातून दिसले. भोपाळच्या मृतांच्या नावाने मिळालेला हा हक्क वेस्ट व्हर्जिनियाच्या गावकऱ्याला मिळाला. भोपाळच्या नागरिकाला तो मिळाला नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

अमेरिकेचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. त्या देशातही ही नोंदवही अनेकांच्या डोळ्यांत खुपत आली आहे. डिसेंबर २००६ मध्ये बुश प्रशासनाने ‘कागदी ओझे हलके करण्याच्या’ नावाखाली नियम सैल केले. तोवर एखाद्या रसायनाचा वर्षभरातील कचरा सुमारे सव्वादोनशे किलोपेक्षा जास्त असेल, तर सविस्तर विवरण द्यावे लागत असे. ती मर्यादा दहापट वाढवून सव्वादोन टनांवर नेण्यात आली. त्यापैकी थेट उत्सर्जन सुमारे नऊशे किलोंच्या आत असले की आकडे न देता एक छोटेसे प्रमाणपत्र पुरे. वर्षाआड एकदाच अहवाल मागण्याचा बेतही होता, तो विरोधामुळे सोडून द्यावा लागला. प्रस्तावावर एक लाखाहून अधिक लोकांनी आपले म्हणणे लेखी नोंदवले होते, बहुतेकांनी विरोधातच. पुढे बारा राज्ये न्यायालयात गेली आणि मार्च २००९ मध्ये अमेरिकी संसदेने अर्थसंकल्पी विधेयकातूनच ती सूट रद्द करून जुनी मर्यादा परत आणली. अलीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने हरितगृह वायूंच्या नोंदणीची योजना बहुतांश उद्योगांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. म्हणजे ओझ्याची तक्रार जुनीच आहे. फरक एवढाच की, तेथे नियम सैल होऊ लागला तर हजारो सामान्य माणसे हरकत घेतात, कारण आपल्या हातचे काय जाणार आहे, हे त्यांना माहीत असते. जी माहिती कधी हाती आलीच नाही, ती गेल्याचे दुःख कुणाला होणार?

आता आपल्याकडे वळू. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम भोपाळनंतरच आला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्यांची माहिती परिसरातील जनतेला देण्याचे कर्तव्य धारकावर आले. (त्या अधिनियमाची जागा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेने घेतली आहे.) १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांत मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते, अशा बाहेरच्या लोकांना आगाऊ माहिती देण्याची तरतूद झाली, १९९६ मध्ये स्थानिक आपत्ती गट आले. कायद्यांची उणीव नव्हती. पण हे सारे अपघातापुरते. रोजच्या रोज, थेंबाथेंबाने आणि धुराच्या लोटांनी जे बाहेर पडते, त्याचा हिशेब ‘नमुना पाच’मध्येच राहिला आणि तो मंडळाकडे जाऊन थांबला.

२०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने बेचाळीस कायद्यांतील तरतुदी बदलल्या. पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनासाठी असलेली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद गेली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. हवा प्रदूषण अधिनियमातही असाच बदल झाला, जलप्रदूषण अधिनियमाची दुरुस्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. काही मंडळींनी यावर आकांडतांडव केले. आम्हाला ते पटत नाही. तुरुंगाची भीती कागदावर होती. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि कारखानदाराला त्या भीतीची किंमत बहुधा निरीक्षकाच्या टेबलाखालून मोजावी लागे. नेमलेल्या अधिकाऱ्याने चौकशी करून मुदतीत दंड ठोठावणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र मोठ्या रसायन उद्योगाला पंधरा लाख म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. शिक्षा सौम्य केली, तर उजेड वाढवावा लागतो. पहिली गोष्ट झाली, दुसरी राहून गेली.

दुसरा बदल आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ‘पर्यावरण लेखापरीक्षण नियम’ अधिसूचित केले. १९९३ मध्ये पुसलेला शब्द बत्तीस वर्षांनी परत आला. नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षक कारखान्याची तपासणी करतील आणि कोणत्या कारखान्याला कोणता परीक्षक, हे सोडत पद्धतीने ठरेल, कारखानदार आपल्या पसंतीचा परीक्षक निवडू शकणार नाही. ही तरतूद वरवर किरकोळ दिसते, पण तिच्यामागे आपल्याच देशातील एक मोठा अनुभव उभा आहे.

गुजरातेत उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून त्रयस्थ लेखापरीक्षणाची योजना होती. परीक्षक कारखान्याने नेमावयाचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यावयाचे. २००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने काही अर्थतज्ज्ञांनी अहमदाबाद आणि सुरत परिसरात तिची परीक्षा घेतली. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो त्यांत होत्या. धुराड्यातील धूलिकणांची मर्यादा केवळ सात टक्के कारखाने ओलांडतात, असे परीक्षकांचे अहवाल सांगत होते. स्वतंत्रपणे मोजले, तर तो आकडा एकोणसाठ टक्के निघाला! बहुतेक नोंदी मर्यादेच्या किंचित खाली येऊन नेमक्या थबकलेल्या होत्या. मग अर्ध्या कारखान्यांपुरती रीत बदलली. परीक्षक सोडतीने नेमले, त्यांचे मानधन सामायिक निधीतून ठरावीक दिले आणि त्यांच्या काही नोंदी पुन्हा तपासल्या. तीच माणसे खरे लिहू लागली आणि ते पाहून कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. मनुष्यस्वभावाविषयी फार काव्यमय कल्पना बाळगण्याचे कारण नाही. ज्याच्या हातचे खायचे, त्याच्याविरुद्ध लिहिणे कठीण असते. नव्या नियमांनी सोडतीचे तत्त्व उचलले हे उत्तम झाले. पण खरे लिहिलेला अहवालही कपाटातच जाणार असेल, तर त्याचा लाभ शेजारच्या गावाला कसा व्हावा?

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका औद्योगिक वसाहतीवर लिहिण्यासाठी आम्ही हिंडत होतो. खाडीकाठच्या एका भोई कुटुंबात दुपारचे जेवण झाले. घरातील वृद्धाने बोटांवर मोजून सांगितले, की लहानपणी खाडीत अमुक अमुक मासे मिळत, त्यातले आता एवढेच मिळतात. मरून वर आलेले मासे त्याने किती वेळा पाहिले, याची तारखांसकट आठवण त्याला होती. तेथून संबंधित कार्यालयात गेलो आणि त्या वसाहतीतील एका कारखान्याच्या ‘नमुना पाच’ची प्रत मागितली. उत्तर मिळाले, ‘तुमचा काय संबंध?’ त्या वृद्धाजवळ तीस वर्षांची तोंडी नोंदवही होती, कार्यालयाजवळ लेखी होती. दोन्हींची गाठ एकदाही पडलेली नव्हती.

संबंध आहे आणि तो कायद्याने मानलेला आहे. जलप्रदूषण अधिनियमाच्या कलम २५ मध्ये मंडळाने संमतीपत्रांची नोंदवही ठेवावी आणि सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कुणाही व्यक्तीला ती पाहू द्यावी, असे स्पष्ट लिहिले आहे. १९७४ पासून! हवेसंबंधीच्या १९८१ च्या अधिनियमातही अशीच नोंदवही आहे. १४ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याविषयीच्या याचिकेत याहून पुढे जाऊन सांगितले, की कारखान्याच्या फाटकाबाहेर फलक लावून आतील घातक रसायने, सांडपाणी, वायू आणि कचरा यांचे प्रमाण जाहीर करावे. असे फलक आपल्या वसाहतींत दिसतातही. तारापूर असो वा लोटे, थांबून ते वाचण्याचा प्रयत्न करावा. कुठे रंग उडालेला, कुठे तारीखच नाही, कुठे रकाने रिकामे आणि मजकूर बहुधा इंग्रजी. समोरून सायकलवर जाणाऱ्या कामगाराला आणि पलीकडे शेळ्या चारणाऱ्या बाईला तो फलक काय सांगणार?

माहिती खुली करण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला व्यापारी गुपिताचा. उत्पादनाची कृती हे गुपित असू शकते, ती कुणी मागत नाही. पण धुराड्यातून बाहेर पडून दुसऱ्याच्या फुप्फुसात गेलेली वस्तू ही कुणाची खासगी मालमत्ता कशी? शिवाय पर्यावरण मंजुरी घ्यावी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना ‘नमुना पाच’ कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवण्याची अट मंजुरीपत्रातच घातली जाते. मोठ्यांची गुपिते त्याने फुटली नाहीत, मग बाकीच्यांचीच का फुटावीत?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडे हाती आले की परकीय पैशावर चालणारी आंदोलने उद्योगांच्या मागे लागतील, विकास अडेल, असे म्हटले जाते. ही शंका सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. देशाला कारखाने हवेत, औषधे आणि रंग येथेच बनावेत, आपल्या तरुणांना येथेच काम मिळावे, याविषयी या पानावर कधी दुमत नव्हते. परंतु अफवा वाढते ती अंधारात. आकडे लपवले की जो मोठ्याने ओरडेल, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. प्रामाणिकपणे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा उद्योजक आणि रात्री टँकरने ते ओढ्यात सोडणारा उद्योजक, दोघेही गावाच्या लेखी सारखेच ठरतात. आज खुलेपणाची गरज सर्वाधिक आहे ती या पहिल्या उद्योजकाला.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. ५ जून २०१७ रोजी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना धूलिकणांच्या मोजमापावरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली आणि त्या श्रेणी लोकांसमोर ठेवल्या. देशातील असा तो पहिला प्रयोग होता. तारे मोजायला शाळेतल्या मुलालाही येतात, हा तिचा गुण. पण त्यात सांडपाणी नाही, दर्प नाही, घातक कचरा नाही. केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या पाहणीत अतिप्रदूषित ठरलेल्या वसाहतींत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई आणि तारापूर अशी महाराष्ट्राची पाच नावे होती. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळी काचा फुटलेल्या घरांतील माणसे एकमेकांना विचारीत होती, की तेथे बनत काय होते? भोपाळहून आलेल्या बातमीनंतर आमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न हाच होता.

मागणी अवाढव्य नाही, नवा कायदाही लागत नाही. चौदाव्या नियमात एक वाक्य वाढवावे. ‘नमुना पाच’ आणि नव्या लेखापरीक्षकाचा अहवाल मंडळाकडे जाईल त्याच दिवशी संकेतस्थळावर खुला व्हावा, त्याचा एका पानाचा गोषवारा राज्यभाषेत ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लागावा, आणि फाटकावरील फलकाचे आकडे त्याच्याशी जुळतात की नाही, हे परीक्षकाने पाहावे. कारखान्याला यासाठी नवे काही मोजावे लागत नाही, जे मोजले तेच दाखवावयाचे आहे.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. आपले अनेक वाचक याच वसाहतींच्या आसपास राहतात, काहीजण तेथे नोकरीलाही आहेत. त्यांनी वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावालगतच्या एका कारखान्याचे नाव निवडावे, गेल्या तीन वर्षांच्या ‘नमुना पाच’च्या प्रती आणि संमतीपत्रातील अटी मागणारा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. गावातील विज्ञानाच्या शिक्षकाला बरोबर घेऊन आकडे अटींशी ताडून पाहावेत आणि ग्रामसभेत ते मराठीत वाचून दाखवावेत, कारखान्याच्या व्यवस्थापकालाही त्या सभेचे निमंत्रण द्यावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची.